तेल बंद केलं, तरी काटा हलंना

गंगावेशकर:
वय ४४, वजन ९१. कोल्हापुरात शाहूपुरीत दुकान, दिवसभर गल्ल्यावर बैठक. दिवाळीनंतर मनावर घेतलं आणि तेल बंद केलं. तळण नाही, तूप नाही, मिसळ महिन्यातनं एकदा, तीपण कट कमी घालून (मालकानं असं बघितलं, जसं काय मी पुण्यावरनं आलोय). बायको माझी भाजी वेगळी करते, पाण्यात शिजवून वर मूठभर शेंगदाण्याचा कूट, म्हणजे घशाखाली उतरते. चारला भूक लागली की लो-फॅट बिस्किटं. रात्री जेवून दूध कट्ट्यावर (गवळी समोरच म्हैस पिळून देतात तिथं) ग्लासभर धारोष्ण दूध, तेवढं एकच व्यसन. अडीच महिन्यांत जेमतेम किलोभर उतरलं. चुकतंय कुठं?

पळीवाली:
दादा, तुम्हीच लिहिलंय की. कट्ट्यावरचं दूध म्हशीचं, साडेसहा-सात टक्के फॅट. पाव लिटरच्या ग्लासात १६ ग्रॅम झालं. मोठा चमचाभर तेल म्हणजे १४ ग्रॅम. दिवसभर वाचवलेलं तेल रात्री उभ्यानं पिताय! आणि कूट? शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतंय.

आमच्यात चौघांना ५ लिटरचा डबा महिनाभर पुरायचा. एकदा हिशोब मांडला, तर माणशी रोज ३८ ग्रॅम. फॅटच्या ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४० नुसत्या तेलाच्या. आता डबा फोडला की झाकणावर मार्करनं तारीख घालते. कॅनमधनं थेट कढईत ओतणं बंद, फोडणीला पळीऐवजी चमचा. तोच डबा दीड महिना जातोय. पांढरा रस्सा मात्र सोडलेला नाही, फक्त दुसरी वाटी मागत नाही.

कट_जास्त:
दूध सोडा म्हणणाऱ्यांचं मूळ गाव कुठलं, ते आधी बघा.

साधा_डबा:
दूध सोडू नका, ग्लास लहान करा. मला खटकली ती बिस्किटं. फॅट काढलं तरी मैदा आणि साखर आहेच की, त्यांच्याही ग्रॅमला ४ कॅलरी. पुडा संपेपर्यंत हात थांबत नाही, हे मी स्वतःवरनं सांगतोय. चारला मटकीची उसळ नाहीतर दोन उकडलेली अंडी खा. भाजीला चमचाभर तेलाची फोडणी परत सुरू करा. अगदी कोरडं खाल्लं की पोट लवकर रितं होतंय, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडं फॅट लागतंच. वहिनींचं दोन भाज्यांचं कामही वाचेल.

गंगावेशकर:
काल घरचं मापाचं भांडं घेऊन कट्ट्यावर गेलो. ग्लास पाव लिटरचा नव्हे, ३०० मिलीला टेकला! गवळीमामा म्हणाले, “कमी भरतोय व्हय? घ्या अजून,” आणि वरनं एक धार मारली. नको म्हणायला तोंड उघडंना. सध्या एक दिवसाआड जायचं ठरवलंय. बिस्किटं पोराच्या ताब्यात दिलीत. कूट निम्मा केला, त्यावर बायको म्हणाली, “मग भाजी तुम्हीच करा.”