खालच्या कवळीसाठी मधला मार्ग
सत्तरीच्या आईसाठी इम्प्लांट (दाताला आधार म्हणून जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) की कवळी, असं विचारलंयत. माझ्या आईची वरची कवळी टाळूला धरून छान बसायची, खालची मात्र जीभ हलली की उचलायची. तिनं भाकरी सोडली होती, फार वाईट वाटायचं.

सगळेच दात इम्प्लांटवर बसवायची गरज नसते. खालच्या जबड्यात पुढे दोनच इम्प्लांट घालून त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी, रात्री काढून ठेवता येणारी कवळी बसवतात. २००२ साली कॅनडातल्या माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी, खाली एकही दात नसेल तर हाच पहिला पर्याय असावा, असं मांडलं. आईनं तेच केलं. इम्प्लांट हाडात रुजायला काही महिने जातात.

मधुमेह आटोक्यात हवा. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर दंतवैद्यांना आधीच सांगा, हे अजिबात विसरू नका.