नायट्रोटायरोसिनचा ब्लॉट: २५ किलोडाल्टनचा बँड खरा की फसवा?

किडनीकर:
नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष, मुक्काम पुणे. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेल्या उंदरांच्या किडन्यांवर काम करतोय. पेरॉक्सिनायट्राइटमुळे प्रोटीनमधल्या टायरोसिनवर नायट्रो गट बसतो, तो पकडायला माउस मोनोक्लोनल अँटी-नायट्रोटायरोसिन (असं टायरोसिन ओळखणारी, उंदराची अँटीबॉडी) लावून वेस्टर्न ब्लॉट करतो, म्हणजे प्रोटीन आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवतो आणि अँटीबॉडीने ओळखतो. दोन ठळक बँड येतात, ५० आणि २५ किलोडाल्टनच्या आसपास. निरोगी उंदरांतही येतात, मधुमेही लेनमध्ये जरा गडद. सर २५ च्या बँडवर खूश आहेत: "मँगनीज एसओडीच (मायटोकॉन्ड्रियातलं अँटिऑक्सिडंट एन्झाइम) हा, टायरोसिन-३४ (साखळीतलं ३४ व्या जागेवरचं) नायट्रेट झालंय, लिहायला घे." मला मात्र खटकतंय. सरांसमोर ठेवायला काहीतरी ठोस हवं. काय करू?

पांढरा_ॲप्रन:
५० आणि २५ ही जोडी दिसली की आधी आयजीजी (रक्तातली अँटीबॉडी) आठवावं. टिश्यू उंदराचं, प्रायमरीही (लक्ष्य ओळखणारी पहिली अँटीबॉडी) उंदराची. आयजीजीची हेवी चेन ५०, लाइट चेन २५. किडनीत राहिलेल्या रक्तातलं आयजीजी अँटी-माउस सेकंडरी (प्रायमरीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी) बिनतक्रार पकडते. मेम्ब्रेनची एक पट्टी कापा, प्रायमरी न लावता नुसती सेकंडरी लावा.

किडनीकर:
लावली. दोन्ही बँड जसेच्या तसे! आता सर म्हणतात, सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) मागव. शेजारच्या लॅबमधून थोडी आणून बघितली, तर वरपासून खालपर्यंत बँडची नुसती शिडी. यातलं खरं काय, खोटं काय?

बफरबाई:
बाळा, कंपनीच्या कागदावर 'स्पेसिफिक' लिहिलंय म्हणून अँटीबॉडीवर विश्वास टाकायचा नसतो. सिग्नल घालवून दाखवता आला, तरच तो नायट्रोटायरोसिनचा. त्यासाठी सोडियम डायथायोनाइट. त्याने नायट्रो गटाचा अमिनो गट होतो आणि अँटीबॉडीला धरायला काही उरत नाही.

एकच सँपल दोन लेनमध्ये चालव, ट्रान्सफर झाल्यावर मेम्ब्रेन मधोमध काप. एक अर्ध पीएच ९ च्या बोरेट बफरमधल्या १०० मिलिमोलर डायथायोनाइटमध्ये, दुसरं नुसत्या बफरमध्ये. द्रावण ऐनवेळी बनव, हवेत ते लगेच मरतं. गंधकाचा उग्र वास येतो, फ्यूम हूडमध्येच कर. मग भरपूर पाण्याने धुऊन ब्लॉकिंग. तुझ्या शिडीच्या ज्या पायऱ्या डायथायोनाइटने पुसल्या जातील त्या कामाच्या, उरतील त्या कचरा. प्रोटीनच धुऊन गेलं नाही ना, हे बघायला दोन्ही तुकड्यांवर ॲक्टिनची (सगळ्या पेशींत असणाऱ्या प्रोटीनची) अँटीबॉडी लाव. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल. जोडीला एका तुकड्यावर प्रायमरीत १० मिलिमोलर मोकळं ३-नायट्रोटायरोसिन मिसळून बघ, खरा सिग्नल तिथेही दबतो. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून नायट्रेट केलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) एका लेनमध्ये असूच दे.

पण खरं दुखणं रक्ताचं आहे. किडनी काढण्याआधी सलाइनने परफ्यूज करतोस का, म्हणजे रक्त धुऊन काढतोस का? करत नसशील तर नुकसान दुहेरी. आयजीजी खोटा बँड देतं, आणि हिमोग्लोबिनमधलं हीम, डीटीटी (लोडिंग बफरमधलं रिड्यूसिंग रसायन) आणि उकळणं एकत्र आलं की नायट्रोटायरोसिनचं अमिनोटायरोसिन होऊ शकतं. म्हणजे जे काम डायथायोनाइटने मुद्दाम करायचं, ते लोडिंग बफरमध्ये गुपचूप उरकलेलं असतं! जुन्या सँपलवर अँटीबॉडी वाया घालवू नकोस. नवीन उंदीर, स्वच्छ परफ्यूजन.

आम्लपित्त:
एक भर. टीसीएने (ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने) प्रोटीन खाली बसवत असाल तर सावध. सँपलमध्ये नायट्राइट असेल तर आम्लात ते स्वतःच टायरोसिन नायट्रेट करतं. मधुमेही प्राण्यात नायट्राइट कमी-जास्त असू शकतं, त्यामुळे हा फरक रोगाचा वाटतो आणि असतो टेस्टट्यूबमधला.

किडनीकर:
टीसीए वापरत नाही, परफ्यूजन मात्र करत नव्हतो. पुढच्या बॅचपासून करेन. पण समजा २५ च्या आसपासचा बँड डायथायोनाइटने गेला, तरी तो मँगनीज एसओडीच हे कसं सांगायचं? आयपी (इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटीबॉडीने एकच प्रोटीन वेगळं काढणं) करू?

बफरबाई:
कर, पण बघून. एसओडीची आयपी सशाच्या अँटीबॉडीने केलीस आणि ब्लॉटही सशाच्याच अँटीबॉडीने, की लाइट चेन परत २५ वर हजर. अँटीबॉडी बीड्सना (तिला धरणाऱ्या बारीक मण्यांना) क्रॉसलिंक कर, म्हणजे पक्की जोड, किंवा फक्त एफसी भाग (अँटीबॉडीचं हेवी चेनचं खोड) ओळखणारी सेकंडरी घे; तिला सुटी झालेली लाइट चेन दिसत नाही. आणि टायरोसिन-३४ हा आकडा ब्लॉटवरून लिहायचा नाही, कुठलं टायरोसिन ते ही अँटीबॉडी सांगत नाही. त्याला मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारी मास स्पेक्ट्रोमेट्री) लागेल, तिथे नायट्रोने वाढलेले ४५ डाल्टन त्या पेप्टाइडवर दिसले पाहिजेत. सरांना आधी नुसत्या सेकंडरीची पट्टी दाखव, बाकीचं बोलणं सोपं जाईल.