पंधरा-सोळा वर्षं गोठवलेल्या रक्तावरची एचबीए१सी खरी मानायची का?

शंकेखोर: जुन्या अभ्यासातले रक्ताचे नमुने इतक्या वर्षांनी फ्रीझरमधून काढून त्यावर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी टेस्ट) करतात आणि वर डायबेटिसबद्दल निष्कर्षही काढतात, मला हे पटतच नाही. साधी ट्यूब टेबलावर राहिली तरी त्यातली साखर तासाला ५-७ टक्के घटते, मग पंधरा वर्षांनी काय शिल्लक राहणार?

लॅबवाली: अहो, साखर आणि एचबीए१सी एकाच तराजूत घालू नका. साखर घटते कारण जिवंत पेशी ती खात राहतात, एचबीए१सीमध्ये ग्लुकोज हिमोग्लोबिनला पक्कं चिकटलेलं असतं, ते असं सुटत नाही. गोठवल्यावर पेशी फुटतात हे खरंय पण टेस्टमध्ये तरी आपण काय करतो, आधी पेशीच फोडतो ना! अमेरिकेतल्या 'एरिक' अभ्यासात १९९०-९२ चं गोठवलेलं रक्त २००३-०४ आणि २००७-०८ मध्ये तपासलं, ११ हजारांवर माणसं होती, आणि ज्यांचा आकडा जास्त त्यांना पुढे डायबेटिस आणि हार्टचा त्रासही जास्त झालेला दिसला (२०१० ला छापून आलंय). रक्त खराब झालं असतं तर हा चढता क्रम टिकलाच नसता.

शंकेखोर: क्रम टिकला म्हणजे आकडा बरोबर आला असं नाही होत. सगळ्यांचाच आकडा ०.३ ने वर सरकला तरी क्रम तोच राहणार, पण ६.३ चा माणूस ६.६ होऊन डायबेटिसवाल्यांत जाऊन बसला त्याचं काय? डायबेटिसची रेघ ६.५ टक्क्यांवर आहे.

जुना टेक्निशियन: दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण फ्रीझर किती उणे होता हे कोणीच बोलत नाहीये! मी एकदा उणे २० वर बरेच महिने पडलेले नमुने काढले, वितळल्यावर रक्त लाल नाही, चॉकलेटी. एचपीएलसीच्या (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या मशीनच्या) ग्राफवर एचबीए१सीच्या टेकडीला शेजारून दुसरी टेकडी चिकटलेली, हिमोग्लोबिन जुनं होताना जे बदलतं त्याचीच, आणि मशीनने ती त्यातच धरून आकडा छापून टाकला. ग्राफ न बघता नुसता आकडा उचलला असता तर कोणाला कळलंही नसतं. उणे ७० ला हे इतकं होत नाही. आणि अँटिबॉडीने एचबीए१सी ओळखून मोजणाऱ्या पद्धतीला या टेकड्यांचा त्रास कमी.

लॅबवाली: उणे २० बद्दल शंभर टक्के सहमत, तिथे ठेवूच नये. पण त्यासाठी उणे ७० चं चांगलं काम का नाकारायचं?

शंकेखोर: नाकारत नाही हो. फ्रीझरचं तापमान, किती वेळा वितळवलं, कुठली पद्धत आणि त्याच नमुन्यांपैकी काहींचा गोठवण्याआधीचा आकडा, एवढं पेपरात द्या. गटाची सरासरी मी मग मानेन. एका माणसाला त्यावरून 'तुला डायबेटिस होता' म्हणायला मी अजूनही तयार नाही.

लॅबवाली: एका माणसासाठी ताजं रक्तच घ्यायचं, त्याबद्दल वाद कुठे होता?