पाडलेली किती आणि उरलेली किती
जुन्या नाण्यांबद्दल 'जितकी कमी नाणी पाडली तितका भाव जास्त' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया घ्या. कलकत्ता आणि मुंबई मिळून सुमारे 94 लाख पाडले. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि बाहेर गेलेले सात-एक लाख सोडून बहुतेक वितळवले. नुसता टांकसाळीचा आकडा बघणारा इथेच फसतो.

शिवाय अवस्था. आमच्या नाशकात सराफ बाजारात चिंच लावून लखलखीत घासलेले रुपये येतात, कडा पार गुळगुळीत. साल बरं असलं तरी सराफ ते सरळ काट्यावर टाकतो, चांदीचा भाव! त्याच सालाचं काळपट, पण अक्षरं ठसठशीत असलेलं नाणं संग्राहक घासाघीस न करता उचलतो.