शिल्पउद्यानात ‘हात लावू नका’ ही पाटी हवी की नको?

फुटाळाकाठची
दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन दुसऱ्या शहरातल्या एका समकालीन कला संग्रहालयात गेलो होतो. आतली दालनं पोरांनी भराभर उरकली, बाहेरच्या शिल्पउद्यानात मात्र रमली. हिरवळीवर काळ्या दगडाचं एक भलंमोठं शिल्प होतं. एक बाजू आरशासारखी घोटलेली, दुसरी छिन्नीच्या घावांसकट तशीच सोडलेली. माझ्या लेकीनं खरबरीत बाजूवर तळहात टेकवला आणि गार्डनं जोरात शिट्टी फुंकली. त्यानंतर ती हात पाठीमागे बांधूनच फिरली.

माझं मत स्पष्ट आहे: उघड्यावरच्या शिल्पांना हात लावू द्यायला हवा. एकाच दगडावर दोन पोत शेजारी शेजारी ठेवले, ते हाताला फरक कळावा म्हणूनच ना? ऊन, पाऊस, पाखरांची विष्ठा हे सगळं त्या दगडाला चालतं आणि लेकराचा हात चालत नाही, हे मला पटत नाही. जपानमध्ये सापोरोच्या ओदोरी पार्कात इसामू नोगुचीचं काळ्या ग्रॅनाइटचं शिल्प 1992 पासून आहे, ते चक्क घसरगुंडी आहे. मुलांनी त्यावरून घसरावं म्हणूनच ते घडवलेलं. हाकोनेच्या ओपन एअर म्युझियममध्ये मुलांनी आत शिरून खेळायच्या कलाकृती आहेत. इंग्लंडच्या हेन्री मूरनं तर ‘शीप पीस’ हे आपलं शिल्प मेंढ्यांच्या कुरणातच उभं केलं, मेंढ्या त्याला अंग घासतात.

आपल्या नागपुरात अशी बाग कधी झाली, तर त्यात ही पाटी असू नये. तुम्हाला काय वाटतं?

मातीकाम
पूर्ण असहमत. मी स्वतः शिल्पकार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, ब्राँझच्या शिल्पाचा तपकिरी किंवा हिरवट रंग हा वरून फासलेला रंग नसतो. धातू तापवून त्यावर रसायनं मारली की पातळसा थर धरतो, त्याला आम्ही पॅटिना म्हणतो. त्यावर मेणाचा हात देतात. शिल्प धुऊन, कोरडं करून, थोडं गरम असतानाच ब्रशनं मेण लावायचं आणि मग कापडानं घोटायचं. उघड्यावरच्या कामाला हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. माणसाच्या घामात मीठ असतं, आम्ल असतं. एका हातानं काही बिघडत नाही. पण प्रत्येकाला तीच जागा खुणावते: नाक, गुडघा, बोट. तिथलं मेण जातं, मग पॅटिना जातो आणि पिवळाधमक धातू उघडा पडतो. वेरोनातल्या ज्युलिएटच्या पुतळ्याला हात लावला की नशीब उघडतं म्हणे. 1972 चा तो पुतळा लोकांच्या हातांनी इतका झिजला की 2014 मध्ये मूळ पुतळा आत नेऊन बाहेर प्रतिकृती ठेवावी लागली. अंगठ्या आणि बांगड्यांचे ओरखडे तर वेगळेच.

नोगुचीनं घसरगुंडी केली, मूरनं मेंढ्या चालवून घेतल्या, कारण त्यांनी स्वतः तसं ठरवलं होतं. ज्यानं ठरवलेलं नाही, त्याच्या कामावर तुम्ही परस्पर मुलं सोडणार का? हा निर्णय शिल्पकाराचा आहे, पाहुण्याचा नाही.

महालवाला
काऊन एवढे घाबरून राहिले भाऊ? आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आन् पिवळी मारबत निघते. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. एवढ्या मोठ्या मूर्त्या गर्दीतून जातात, पोट्टे लोंबकळतात, बाया पाया पडतात. कोणी शिट्टी मारत नाही. लोकांच्या रस्त्यावर आलेली कला लोकांची असते.

मातीकाम
दादा, मारबत त्याच दिवशी जाळतात. पुढच्या वर्षी नवीन करतात. जे शंभर वर्षं उभं राहायला हवं, त्याला तो नियम कसा लावायचा?

महालवाला
मग जुनापाणीचे दगड घ्या. काटोल रोडनं गेलं की ती शिलावर्तुळं आहेत, महापाषाण काळातली. मोठमोठ्या शिळा गोल मांडलेल्या, काहींवर वाटीसारखे खळगे कोरलेले. उन्हातान्हात किती शतकं उभ्या आहेत. मी त्या खळग्यात बोट घालून पाहिलं, म्हणून समजलं की ते कोणीतरी हातानं कोरलं आहे. नुसतं पाहून दगडाची झीज वाटली असती. टिकणारा दगड निवडा आन् लोकांना जवळ येऊ द्या, एवढंच म्हणणं आहे माझं.

वारकरी घरातली
दगड टिकतो, पण झिजतोही. पंढरपूरला आमच्या घरातली सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पायांवर डोकं ठेवत आली. त्या पायांची झीज झाली म्हणूनच वज्रलेप करावा लागतो ना? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं 2015 मध्ये रासायनिक संवर्धन करावं लागलं. 2024 मध्ये पंढरपूरच्या मंदिराचं काम चालू असताना पदस्पर्शदर्शन बंद होतं, तर लांबून मुखदर्शन घेऊन आलो. वाईट वाटलं, पण कोणी तक्रार केली नाही. देवासाठी जे समजून घेतो, ते कलाकृतीसाठी का नको?

फुटाळाकाठची
उलट मला तुमच्या उदाहरणात माझंच म्हणणं दिसतं. झीज होते म्हणून पदस्पर्श कायमचा बंद झाला नाही. दुरुस्ती केली आणि दर्शन पुन्हा सुरू झालं. स्पर्शाची किंमत आपण आनंदानं मोजतो.

शिकागोचं ‘क्लाउड गेट’ हे शिल्प बघा. अनिश कपूर मूळचे मुंबईचे, त्यांचं हे काम 2006 मध्ये पूर्ण झालं. लखलखीत स्टील, रोज हजारो माणसं त्याला हात लावतात, त्याच्याखालून चालतात. म्हणून खालचा 6 फुटांपर्यंतचा भाग दिवसातून दोनदा पुसला जातो. कोणीतरी ठरवलं की लोक हात लावणारच, तर पुसायला माणूस ठेवू. गार्डच्या पगारात पुसणारा येतो.

मातीकाम
शिकागोचा पैसा शिकागोत. आपल्याकडे चौकातल्या पुतळ्यावरची धूळ जयंतीच्या आदल्या दिवशीच उतरते. वर्षभर निगा राखायची तरतूद नसेल, तर ‘हात लावा’ म्हणणं हे शिल्प मारणं आहे. मी हे रागानं नाही, काळजीनं लिहितो. एक काम उभं करायला माझं वर्ष-दोन वर्षं जातं.

रामदासपेठ
मी आतापर्यंत नुसतं वाचत होते. माझी मोठी बहीण जन्मापासून दृष्टिहीन आहे. तुमच्या सगळ्या चर्चेत ‘पाहणं’ गृहीत धरलेलं आहे आणि ‘स्पर्श’ म्हणजे वरची मौज. तिच्यासाठी स्पर्श सोडला तर शिल्प उरतच नाही.

गणपतीआधी आम्ही चितारओळीत मूर्ती ठरवायला जातो. तिथले मूर्तिकार काका तिला रंग न लागलेल्या, नुसत्या मातीच्या मूर्तीवर हात फिरवू देतात. सोंडेपासून सुरुवात करते, मग कानाच्या पाळीवरून खांद्यावर येते आणि शेवटी बोटानं उंदीर शोधते. कोणता गणपती घरी न्यायचा हे आमच्या घरी तीच ठरवते. गेल्या वेळी म्हणाली, याचा डावा खांदा उतरलाय. काकांनी बघितलं आणि तिथल्या तिथे ओली माती लावून सारखा केला. आम्हा डोळसांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

शिल्पउद्यानात मात्र ती बाकावर बसते आणि आम्ही तिला काय काय आहे ते सांगतो.

मातीकाम
ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. यावर उपाय आहे. प्रत्येक शिल्पाशेजारी लहान प्रतिकृती ठेवता येते, ब्राँझची किंवा फायबरची, खास हात लावण्यासाठी. झिजली तर नवीन ओतता येते.

रामदासपेठ
लहान प्रतिकृतीवरून आकार कळतो, आकारमान नाही. 10 फुटांची गोष्ट तळहाताएवढी केली तर तिचा दरारा जातो. तिला हात लावत पूर्ण फेरी मारायची असते, वर हात पुरत नाही हे तिला स्वतःला कळायला हवं असतं. प्रतिकृती ठेवा, पण तिला मूळ शिल्पाच्या बदल्यात देऊ नका.

झाडं-लावा
मी बागांचं आखणीकाम करतो, थोडं व्यवहाराचं बोलतो. नागपूरचा मे महिना विसरून चालणार नाही. पारा 45 च्या पुढे जातो, दुपारी उन्हातल्या धातूला हात लावला तर पोळतो. इथे अर्धं वर्ष प्रश्न ‘लावू द्यावा का’ हा नसून ‘लावता येईल का’ हा आहे. त्यामुळे स्पर्शाची शिल्पं दगडाची असावीत, कडुनिंबाच्या सावलीत असावीत आणि बाग सकाळी लवकर उघडावी. आपल्याकडे बागेत जायची खरी वेळ तीच.

ज्याला हात लागू नये असं वाटतं, त्याच्यासाठी शिट्टीची गरज नाही. मिनियापोलिसच्या शिल्पउद्यानात 1988 पासून तो प्रसिद्ध भलामोठा चमचा आणि चेरी आहे, तो तळ्यात आहे. कोणी हात लावत नाही, कोणाला ओरडावंही लागत नाही. तळं नको असेल तर भोवती रुंद खडीचा पट्टा द्या, पाय आपोआप थबकतो. जिथे लोकांना येऊ द्यायचं तिथे फरसबंदी थेट शिल्पाच्या पायथ्याशी न्या. माणूस पायाखालचं बघून वागतो, पाटी नंतर वाचतो.

महालवाला
हे पटलं. चौथरे बी काढा. चौथऱ्यावर ठेवलं की आपला माणूस हार घालायला बघतो, नाहीतर लांबूनच निघून जातो.

मातीकाम
दगडाचं मान्य, सावलीचंही. ब्राँझबद्दल माझं मत तेच राहील: शिल्पकाराच्या लेखी परवानगीशिवाय हात नको. आणि पाटी लावायचीच असेल तर नुसता हुकूम नको, कारणही लिहा. ‘या धातूवर मेणाचा पातळ थर आहे, हाताच्या घामानं तो निघतो.’ एवढं वाचलं तर लहान मूलही समजून घेतं.

रामदासपेठ
जरूर लिहा. फक्त ते ब्रेलमध्येही लिहा, आणि ती पाटी तरी हात लावता येईल इतकी जवळ ठेवा.