सोलापूरचे एटीआर आणि शेपटीवरची नक्षी

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये लिव्हरी (विमानावरचे कंपनीचे रंग आणि चित्रे) म्हणजे नुसती रंगरंगोटी, विमानातल्या यंत्रणा हुबेहूब असल्या की पुरे, हे आपले म्हणणे मला निम्मेच पटते. यंत्रणांबद्दल दुमत नाही. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावर २०२५ पासून गोव्याहून येणारे एटीआर ७२-६०० हे पंख्यांचे (प्रोपेलरचे) प्रवासी विमान सिम्युलेटरमध्ये उडवायचे, तर त्यातील ‘हॉटेल मोड’ नीट चालायलाच हवा. या विमानाला एपीयू (जमिनीवर वीज व हवा पुरवणारे छोटे सहायक इंजिन) नसल्यामुळे जमिनीवर असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने रोखून धरतात आणि चालू राहिलेल्या इंजिनातून वीज व हवा घेतात. आपल्याकडच्या मे महिन्यात त्या हवेचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र लिव्हरीलाही अचूकतेची कसोटी असते. एअर इंडिया एक्स्प्रेसने २०२३ मध्ये नवे रूप घेतले, तेव्हा बोइंग ७३७ मॅक्सच्या शेपटीवर ‘बांधणी’ कापडाची ठिपक्यांची नक्षी आली. टेक्श्चर (सिम्युलेटरमधल्या मॉडेलवर चढवायचे चित्र) २०४८ पिक्सेलचे असले की अशा नक्षीचे बारीक ठिपके एकमेकांत मिसळू लागतात. ४०९६ मध्ये ते सुटे दिसतात, पण मेमरी चौपट लागते. चादरींच्या गावातल्या माणसाच्या डोळ्यांना विस्कटलेली नक्षी लगेच खुपते.

त्याहून खटकते ती ७३७-८०० या आधीच्या प्रकाराच्या मॉडेलवर चढवलेली मॅक्सची लिव्हरी, कारण पंखांच्या टोकांचा आकार निराळा, इंजिनाच्या आवरणाची दातेरी कडा गायब आणि नोंदणी क्रमांक तेवढा मॅक्सचा. म्हणून मी डाउनलोड करण्यापूर्वी त्याच क्रमांकाच्या खऱ्या विमानाचे छायाचित्र शेजारी ठेवून पाहतो.