लिव्हरमधली कॅन्सरपूर्व गाठ : लगेच जाळायची की लक्ष ठेवायचं?

कराडकर : आमच्या थोरल्या चुलत्यांना हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालंय. दर सहा महिन्यांच्या सोनोग्राफीत या वेळी दीड सेंटिमीटरची गाठ दिसली. एमआरआयवरून नक्की ठरेना, म्हणून बायोप्सी केली. रिपोर्ट आला हाय-ग्रेड डिस्प्लास्टिक नोड्यूल, म्हणजे कॅन्सर नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी परत एमआरआय करू. माझं मत, सुई घालून जाळून मोकळं व्हावं. लहान आहे तोवरच ते सोपं. वाट कशाची बघायची?

मिरजेची रेडिओलॉजिस्ट : मला नाही पटत. अशा प्रत्येक गाठीचा कॅन्सर होत नाही. काही वर्षानुवर्षं तशाच राहतात, काही पुढच्या स्कॅनमध्ये सापडतही नाहीत. सिरॉसिसमध्ये रक्त नीट न गोठण्याची तक्रार असते, जाळताना रक्तस्राव होऊ शकतो. आणि एक गाठ गेली तरी लिव्हर तेच, दुसरी कुठेही उठू शकते. एमआरआयचं औषध धमनीतून येताना गाठ उजळली आणि नंतर भोवतालपेक्षा काळी पडली, तर सिरॉसिसच्या पेशंटमध्ये तो कॅन्सर धरतात. मग उपचाराला उशीर नको. आत्ता ती खूण नाही.

कराडकर : पण सुईत येतो एवढासा तुकडा! कॅन्सर त्याच गाठीत शेजारी असला तर?

मिरजेची रेडिओलॉजिस्ट : ही शंका रास्त आहे, पॅथॉलॉजिस्टलाही हा फरक जड जातो. स्लाइड दुसऱ्याला दाखवा. ग्लिपिकॅन-३, एचएसपी-७० आणि ग्लुटामाइन सिंथेटेज या प्रथिनांच्या तपासण्या त्याच तुकड्यावर करून घ्या. तिन्हींपैकी दोन पॉझिटिव्ह आल्या तर तो कॅन्सर धरतात, मग मीही जाळा म्हणेन.

जतकर : हे सगळं वेळेवर परत येणाऱ्यांसाठी झालं. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला महिनोन् महिने बाहेर असतात, आणि ही गाठ दुखत तर नाहीच. ज्याच्या येण्याचा भरवसा नाही, त्याची लगेच जाळलेली बरी.

मिरजेची रेडिओलॉजिस्ट : जाळल्यावर तर माणूस आणखीच फिरकत नाही, 'बरा झालो' म्हणतो. सोनोग्राफी तेव्हाही चुकवून चालत नाही. नुसत्या एएफपी या रक्ततपासणीवर विसंबू नका, कॅन्सर असूनही ते नॉर्मल येऊ शकतं. हिपॅटायटिसची गोळी मनाने बंद करू नका. घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी करा आणि ज्यांना झालेला नाही त्यांना लस द्या.

कराडकर : स्लाइड पुन्हा तपासायला देतोय. घरातल्यांची तपासणी याच आठवड्यात. माझं मत मात्र जाळण्याचंच आहे. दोन पॉझिटिव्ह नाही आल्या तर एमआरआयपर्यंत थांबू, पण तीन महिन्यांच्या वर एक दिवस नाही.